मागच्या गल्लीतलं ऊन

नळाने घसा खाकरला. दुपारी सगळी चाळ निजलेली, आणि एवढ्याशा त्या घरघरीने मी दचकले. आधी नुसती हवा, मग गंजकं पाणी, मग धार. हातातली पेन्सिल टाकून मी धावले आणि बादलीत आधी एक फडकं टाकलं, म्हणजे पाणी त्याच्यावर पडेल, वाजणार नाही. मालू नुकती झोपलेली. तिने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला. सहा वर्षांची घोडी झाली, पण झोपेत अंगठा सुटत नाही. बादली भरेपर्यंत मी तिच्याकडेच बघत राहिले आणि मग परत कॉटवर टेकवलेल्या ड्रॉइंग बोर्डाकडे आले.

लग्नाआधी मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. ठाण्याला नौपाड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. मालू झाली आणि बोर्ड माळ्यावर गेला, त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या बसल्या. तो खाली उतरला अठ्ठ्याऐंशी साली, सीतारामकाकांमुळे.

डोंबिवलीतल्या आमच्या दोन चाळी एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. पुढे गॅलऱ्या, माणसं, सायकली, रांगोळ्या. मागे ती गल्ली. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्यावर उघडतात, आणि जे घरात नको ते खिडकीतून खाली जातं. भाजीची देठं, फुटकी कौलं, तुटक्या चपला. पाइप गळके, घुशी माजलेल्या. गटार तुंबलं तरच पुरुषमाणूस तिकडे फिरकायचा, तेही नाकाला रुमाल लावून.

सीतारामकाका गणेश मंडळाचे अध्यक्ष. मंडळाला त्या वर्षी पंचवीस वर्षं होत होती. गॅलरीतून ओरडून म्हणाले, "यंदा मखरावर पैसा उधळायचा नाही! मागची गल्ली माणसात आणायची. काय गं कांता, तू नकाशे काढायचीस ना? मग काढ की! का नुसत्या भाकऱ्याच गोल काढतेस आता?"

मला राग यायला हवा होता. पण मी इतकी हरखले की त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

मालूला टेपचं एक टोक धरायला लावून मी गल्ली मोजली. गटार झाकून वर शहाबादी फरशी, दोन्ही भिंतींना चुना, पाइपांवर मधुमालतीचे वेल, दोन दिवे, म्हाताऱ्यांना टेकायला बाक. मालू झोपली की काढायचं, ती उठली की गुंडाळून ठेवायचं. एखादी रेघ दुपारी सुरू व्हायची ती दुसऱ्या दुपारी पुरी व्हायची.

पहिल्यांदा तो नकाशा बघितला शकूने. शकू माझी नणंद, संगमेश्वरहून अकरावीला आमच्याकडे राहायला आलेली.

"झक्कास झालंय गं वहिनी," ती म्हणाली. मग बोटाने शोधत शोधत थांबली. "आणि आपली तार कुठाय?"

मी नकाशावर वाकून बघितलं. नव्हतीच.

पाइपाच्या मागे, दोन खिळ्यांना बांधलेली एक तार होती. दोन्ही चाळींतल्या बायका महिन्याच्या चार दिवसांची कापडं धुऊन तिथे वाळत घालायच्या. वरून एखादा जुना परकर टाकायचा, म्हणजे खालचं दिसत नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. नवी सून आली की तिला पहिल्याच महिन्यात आपोआप कळायचं. मीही इतकी वर्षं तिथेच घालत होते. गल्ली मोजताना त्याच तारेखालून वाकून गेले होते. तरी नकाशात ती आली नाही, कारण असलं काही नकाशात येत असतं हेच मला कधी कुणी दाखवलं नव्हतं.

"तारेच्या जागी तू बाक टाकलायस," शकू म्हणाली. "तिथे आता शेजारचे आबा बसणार पेपर वाचत." आणि ती फिसकन हसली. मीही हसले. पण रात्रीचा भात टाकताना हात थांबला. गल्ली सुधारली की आम्ही जायचं कुठे?

तेवढ्यात शकू आजारी पडली. आधी सांगेना, चालताना पाय फाकून चालायची तेव्हा मला कळलं. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न केला, "कापडं कुठे वाळत घालता?"

शकूने माझ्याकडे बघितलं. "मागे, गल्लीत," मी म्हटलं.

"ऊन लागतं का तिथे?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाला दिसत नाही अशी जागा आहे."

"मग औषध देते, पण परत होईल. त्या ओलसर कापडांनीच झालंय हे इन्फेक्शन. पुड्यातली पॅडं परवडत असतील तर वापरा. नाहीतर कडकडीत ऊन दाखवा."

परतताना शकू म्हणाली, "ऊन म्हणजे आपली पुढची गॅलरी. तिथे लावू या का वहिनी? झेंड्यासारखी?" स्वतःच्याच बोलण्याला खदखदून हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिचं डोकं खांद्यावर घेतलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे म्हटलं.

मला मात्र काही उमगेना. गल्लीत अंधार होता म्हणून ती आमची होती, आणि अंधार होता म्हणूनच पोरीला हे झालं. उजेड आणावा तर माणसं येणार, नाही आणला तर शकू अशीच कुढत राहणार. ऊन हवं आणि नजर नको. असं कसं काढायचं?

ते मला सुचलं मालूची वेणी घालताना. गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे चाळी संपतात, तिथे सकाळपासून दुपार कलेपर्यंत ऊन येतं. तिथे सिमेंटच्या जाळीचा एक आडोसा करायचा, डोक्याच्या वर जाईल एवढा उंच, माथ्यावर उघडा. आत जायची वाट वळणाची, म्हणजे सरळ आत दिसणार नाही. जाळीतून वारा, वरून ऊन. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या रेघा स्वच्छ करून द्यायचे. ही पहिली रेघ माझ्या डोक्यातली होती.

पण नकाशात प्रत्येक गोष्टीला नाव लागतं. बाक, दिवा, वेल, गटाराचं झाकण. इथे काय लिहू? दोनतीनदा लिहिलं, खोडलं. कागद तिथे लोकरीसारखा झाला. शेवटी तो चौकोन बिननावाचाच राहिला.

सीतारामकाकांच्या गॅलरीत बैठक भरली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बायका दाराशी. नकाशा सगळ्यांना आवडला. मग काकांचं बोट बरोबर तिथेच गेलं.

"ही जाळीची खोली कसली गं? नाव नाही घातलंस."

"ती... बायकांसाठी आहे, काका."

"बायकांसाठी म्हणजे? गप्पा मारायला? त्याला जाळी कशाला? सगळ्या चाळीला ऐकू जातंच की!" पुरुष हसले. आमचे हेही हसले.

दाराशी केशरबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. आमच्या शेजारीण, साठी उलटलेल्या, जिभेला लगाम नसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुळस येणारे तिथं. बायकांची तुळस. जाळी नको? का कुत्र्यांनी तंगडी वर करायची तिच्यावर?"

मग सीतारामकाकांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! अगं, मग लिही ना तसं. लाजतेस काय देवाच्या कामाला?"

मी त्यांच्याच पेनने लिहिलं, तुळस.

नंतर नळावर बायकांची हसून मुरकुंडी वळली. "काय गो केशरबाई, थाप मारावी तर तुमच्यासारखी!" केशरबाई हात झटकून म्हणाल्या, "कोपऱ्यात एक कुंडी ठेवू, झालं. तुळस ती तुळस, तार ती तार. देव काय मोजायला येतो?"

काम झालं. गल्ली खरंच सुंदर झाली. ज्या खिडक्यांतून देठं पडायची त्या खिडक्यांत गजाआड झिपऱ्या वाळवत पोरी उभ्या राहू लागल्या. मागची दारं, जी कपाटं लावून बंद केलेली, ती उघडली. आबा बाकावर बसले, अगदी शकू म्हणाली तसे. पोरं फरशीवर खडूने घरं आखून लंगडी घालायला लागली. हे एकदा रात्री हळूच म्हणाले, "तुझ्या हाताने झालं हो हे." ते वाक्य मी अजून पुरवून पुरवून खाते आहे.

आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मानपाडा रोडवरून एक टेम्पो आला. सीतारामकाकांनी कुणाला न सांगता संगमरवरी वृंदावन घडवून घेतलेलं, त्यांच्या आईच्या नावाचं. चौघांनी ते जाळीच्या आत, बरोबर मधोमध ठेवलं. भटजी आले. वळणावर पाटी लागली, 'येथे पावित्र्य राखावे.' काकांचे डोळे भरून आलेले. मला म्हणाले, "पोरी, आईसाठी आजवर काही केलं नव्हतं मी. तुझ्यामुळे झालं." मी वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार होते?

आम्ही बायका एकमेकींकडे बघत होतो. आता त्या चार दिवसांत कुणी तिथे पाऊलसुद्धा टाकणार नव्हतं. ज्यांच्यासाठी ते केलं, त्यांनाच ते बंद. पाइपामागची तार तर फरशी घालतानाच कापून टाकलेली.

सगळ्यांची कापडं घरात गेली. कुणी कॉटखाली दोरी बांधली, कुणी मोरीच्या कोपऱ्यात. आधी निदान वारा लागायचा. दोनच महिन्यांत शकूचं परत सुरू झालं. तिने मला सांगितलंही नाही, मी तिच्या चालण्यावरून ओळखलं.

मी केशरबाईंकडे गेले. "तुम्ही सांगा काकांना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू? तुमच्या आईचं वृंदावन हलवा, आम्हाला तिथं फडकी घालायचीत?" त्या कपाळावर हात मारून बसल्या. मग म्हणाल्या, "मेली माझीच जीभ. पण खरं सांगू कांता? संध्याकाळी दिवा लावून तिथं बसले ना, की बरं वाटतं गो. चाळीत आल्यापासून बसायला जागा नव्हती मला. आता आहे. मग मी कुणाच्या बाजूने बोलू?"

रागवायचं तर कुणावर? तुळस तर काय फोफावली होती! ऊनच तसं होतं तिथे. ते ऊन मीच शोधलेलं. कधी वाटायचं काकांपुढे जाऊन सरळ बोलावं. कधी वाटायचं, गल्लीत एवढी माणसं हसतायत, आपण एकटीने का खुपसावं नाक? आणि रात्री शकू कूस बदलताना कण्हायची.

एका दुपारी, पाणी येऊन गेल्यावर, मी शकूची कापडं धुतली. ती आतल्या खोलीत बाजूला बसलेली. "कुठे नेतेस?" ती म्हणाली. मी बादलीवर जुना परकर टाकला.

"वहिनी, नको. तिथे नको. मला पाप लागेल."

"तू कुठे येतेयस? मी जातेय."

खरं तर मलाही ठाऊक नव्हतं, लागतं की नाही.

मालू चिमट्यांची डबी घेऊन मागे लागली. घरी ठेवली तर रडून चाळ उठवेल, म्हणून आणली. गल्लीत कुणी नव्हतं. वळणावरची पाटी मी बघितली, बघितली नाही असं केलं, आणि आत गेले. फरशीवर जाळीच्या उन्हाचे चौकोन पडलेले. मालू लगेच त्यांवरून उड्या मारायला लागली. वृंदावनाच्या मागे, जाळीच्या एका भोकातून दुसऱ्या भोकात मी दोरी ओवली. पहिलं कापड झटकलं, तोच मागे पाऊल वाजलं.

केशरबाई. हातात तांब्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. मी कापड छातीशी धरून उभी. पदर ओला होत होता.

"शकूचं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"परत झालं पोरीला?"

"हो."

त्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "थांब. आधी मला पाणी घालून घेऊ दे." त्यांनी डोळे मिटून तुळशीला पाणी घातलं, काहीतरी पुटपुटल्या, नेहमीपेक्षा जास्तच. वळल्या, आणि वळणावर जाऊन आमच्याकडे पाठ करून फरशीवर बसल्या. "कुणी आलं तर खोकेन," म्हणाल्या. "मला काही विचारू नको. मला काहीसुद्धा कळत नाही बघ आता."

मी कापडं घातली. परकर वर टाकायचा म्हणून उचलला, तर त्याने ऊन अडत होतं. तो हातातच राहिला. टाकावा की नाही? तशीच उभी राहिले, तुळशीकडे बघायचं टाळत.

मालू उड्या थांबवून वर बघत होती. कापडांकडे, मग तुळशीकडे.

"आई," ती म्हणाली, "तुळशीचं लग्न होतं ना दरवर्षी? म्हणजे ती बाईच ना? मग तिची कापडं कुठे वाळत घालतात?"