पॉलिहाउसमधला आवाज

शनिवारी सकाळी राधिकाला निवांत पडून राहायचं होतं, पण नवऱ्यानं, परीक्षितनं, तिला गाडीत बसवलंच. अमेरिकेतल्या त्यांच्या वेस्ट विंडसरपासून जवळच एका कॉलेजच्या गॅलरीत केनियातल्या एका बाईचं प्रदर्शन लागलं होतं आणि विषय होता गुलाब. "तुझ्या माहेरचं पीक आहे यार, तूच समजावून सांग मला," तो म्हणाला.

माहेर तळेगावचं. राधिकाचे वडील एकनाथ आधी तिथल्याच एका पॉलिहाउसवर सुपरवायझर होते. ती कॉलेजात असताना ते केनियातल्या एका गुलाबांच्या फार्मवर मॅनेजर म्हणून गेले, आणि चांगलं चाललेलं असताना एकाएकी परत आले. हवा मानवली नाही, एवढंच म्हणाले होते.

गॅलरीत मधोमध खरंखुरं पॉलिहाउस उभं केलं होतं. पिवळट पडलेलं प्लास्टिक, आत वाळक्या गुलाबांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीवर बायकांचा एकेक एप्रन टांगलेला. न्यांबुरा नावाची ती कलाकार स्वतः दाराशी उभी राहून लोकांना सांगत होती. उंच, शांत बाई. तिची आई वाइरिमु आणि मावशी, दोघी केनियातल्या एका फार्मवर गुलाब तोडायच्या.

"एक दिवस बायका आत असतानाच औषध फवारलं. फवारणीनंतर कित्येक तास आत जायचं नसतं. इथं तर त्यांना बाहेरच काढलं नाही. मावशी तिथंच गेली. आईला आता चार पावलं चाललं तरी धाप लागते. फार्मवाले म्हणाले, बायकाच न विचारता आत शिरल्या."

न्यांबुरानं आतल्या स्पीकरकडे बोट केलं. "बायका काम करताना गायच्या. आईनं ते गाणं रेकॉर्ड करायला फोन एप्रनच्या खिशात ठेवला होता. तेच तुम्ही ऐकणार आहात. मध्ये एक पुरुष बोलतो. तिथं भारतातली माणसं कामाला होती, पण त्याची भाषा कोणती, ते मला कुणीच सांगू शकलं नाही."

सगळे आत गेले. बायकांचं गाणं सुरू झालं. मोकळं, मधूनच हसणारं. मग दूरवर पंप सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्यावरून प्लास्टिकच्या पलीकडून एक पुरुषी आवाज, फोनवर बोलणारा.

"अगं, मराठी!" परीक्षित आनंदानं जवळजवळ ओरडलाच.

"हां, ऐक रे बाबा," तो आवाज म्हणत होता. "त्यांना बाहेर काढत बसलास तर फुलांचं संध्याकाळचं विमान चुकेल. असू देत आत. तू मार फवारा. काही होत नाही."

मग नुसती सूं सूं. गाणं एका ओळीच्या मध्येच तुटलं आणि खोकला सुरू झाला.

परीक्षितचा चेहरा उतरला. त्यानं राधिकाकडे पाहिलं. ती एका खांबाला धरून उभी होती. "हां, ऐक रे बाबा." दर रविवारी फोन उचलला की जावयाशी त्यांचं बोलणं इथूनच सुरू व्हायचं.

"राधिका, हे... बाबा?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

ती बाहेर पार्किंगमध्ये आली. फोन परीक्षितनंच लावून दिला. तळेगावात रात्रीची जेवणं उरकायची वेळ होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"हां, ऐक गं बाबा, बरी वेळ काढलीस!" एकनाथ खुशीत म्हणाले.

"बाबा, केनियात फवारणी केली तेव्हा बायका आत होत्या. तुम्हाला माहीत होतं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि भांड्यांचा आवाज थांबला.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता. इथं तुमचा आवाज लावलाय, बाबा."

मग ते हळू म्हणाले, "एक लाल रुमालवाली होती. ती वाचली का?"

"मला माहीत नाही. एक गेली."

"ते कळलं होतं." मग आवाज अगदीच खाली गेला. "मला माहीत होतं त्या आत आहेत. विचारतील त्यांना सांग. मला माहीत होतं." आणि फोन ठेवला गेला.

"घरी जाऊ या," परीक्षित म्हणाला. "वकिलाशी वगैरे बोलू आधी." राधिकाला ते ऐकूच आलं नसावं. ती परत आत गेली. न्यांबुरा एकटीच उभी होती.

"ती मराठी आहे," राधिका म्हणाली. "माझी भाषा." तिनं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. 'काही होत नाही' तिनं दोनदा सांगितलं. "आणि बोलणारे माझे वडील आहेत. मी आत्ता त्यांना विचारलं. बायका आत आहेत, हे त्यांना माहीत होतं."

न्यांबुरा ओरडली नाही, रडली नाही. बाजूची खुर्ची तिनं ओढली, ती राधिकासाठी असेल असं वाटलं, पण न्यांबुरा स्वतःच तिच्यावर बसली.

"इतकी वर्षं आई म्हणते, त्या माणसाला ठाऊक नसणार," ती म्हणाली. "ठाऊक असतं तर असं कोण करेल? मी नाही तिला हे सांगणार. तुम्ही सांगा. तिला इंग्रजी कळतं."

तिनं फोन लावला आणि राधिकाच्या हातात दिला. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा धापा टाकणारा आवाज आला. राधिकानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग वडिलांचं.