चालू यंत्रात हात

"काका, सगळं येतं तुम्हाला. फक्त यंत्र बंद करायचं नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "क्षणाचं तर काम आहे."

टर्नरकाकांनी मान डोलावली. वर्गात त्यांना याच नावाने ओळखत. कारखान्याला टाळे लागेपर्यंत एकतीस वर्षे त्यांनी लोखंड कातायचा लेथ चालवला होता. आता त्रेपन्नाव्या वर्षी, मुलीच्या वयाच्या शिक्षिकेकडून ते सर्व्हरची देखभाल शिकत होते. बंद कारखान्यांतील कामगारांसाठी असलेल्या या अभ्यासक्रमात परीक्षेची संधी एकदाच मिळे. उत्तीर्ण झाल्यास इस्पितळाच्या संगणक विभागात त्यांची जागा ठरलेली होती. नापास झाल्यास गोदामाच्या फाटकावरची राखणदाराची खुर्ची होतीच.

ते कच्चे मुळीच नव्हते. गेल्याच महिन्यात सर्व्हरच्या दर्शनी भागावर बोटे टेकवून ते म्हणाले होते, "चौथी डिस्क जाणार. बेअरिंग कुरकुरतंय."

"काका, नाडीपरीक्षा कधीपासून सुरू केलीत?" पोरे खिदळली होती. तिसऱ्या दिवशी नेमका चौथ्या डिस्कचा दिवा लाल झाला. त्यानंतर कोणी हसले नाही.

आजच्या परीक्षेतले काम तशाच डिस्कचे होते. सर्व्हर चालू ठेवून बिघडलेली डिस्क काढायची आणि नवी बसवायची. त्याच सर्व्हरवर शेजारच्या चौघांचीही परीक्षा चालली होती. तो थांबला की त्यांचेही काम बुडणार होते.

परीक्षक घड्याळ धरून मागे उभे राहिले. "करा सुरू."

काकांनी नवी डिस्क हाताशी ठेवली, लाल दिव्याखालचा खटका दाबला. ट्रे बोटभर बाहेर आला. आत डिस्क अजून फिरत होती. तिची थरथर त्यांच्या बोटांत उतरली.

क्षणाचं तर काम आहे. हेच शब्द बावीस वर्षांपूर्वी ते स्वतः बोलले होते. कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेसमध्ये पत्रा अडकला होता. थोरला भाऊ मेन स्विच बंद करायला निघाला होता, आणि त्यांनीच त्याला थांबवले होते. "दादा, बंद कशाला करतोस? ओढ की पटकन!" दादाने हात घातला होता.

पंख्यांची घरघर एकाएकी थांबली. खोलीत इतकी शांतता पसरली की परीक्षकांचे घड्याळ ऐकू येऊ लागले. काकांनी वळून पाहिले. त्यांचा डावा हात सर्व्हरच्या कपाटाच्या बाजूच्या मेन स्विचवर होता.

"अहो काका, माझं सगळं गेलं!" शेजारची मुलगी रडकुंडीला आली.

"या चौघांची दुपारी पुन्हा घेऊ," परीक्षक म्हणाले. मग काकांकडे वळले. "तुम्ही बंद का केलंत?"

"सवय."

"ती सवय इथे चालत नाही." त्यांनी कागदावर रेघ ओढली. मॅडम खिडकीबाहेर पाहत राहिल्या. काकांनी नवी डिस्क पुन्हा वेष्टनाच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड नीट बंद केले, चौघांची माफी मागितली आणि ते निघाले.

घरी दादा दारातच बसला होता. उजवी बाही नेहमीप्रमाणे दुमडून टाचणीने अडकवलेली.

"काय रे? झाला का साहेब?"

"मेन बंद केला मी."

"हात गेला माझा, आणि धसका घेतलास तू," दादा म्हणाला. "वेडा कुठला! आता फाटकावर जाऊन बस."

"सोमवारपासून."

काकांनी फळीवरून नेलकटर काढले. हे काम बावीस वर्षे त्यांच्याकडेच होते. एका हाताच्या माणसाला त्याच हाताची नखे काढता येत नाहीत. दादाने न सांगता डावा पंजा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. काकांनी अंगठ्यापासून सुरुवात केली, कडा बोटाने तपासत, सावकाश.

पाचच तर नखे होती. काम लवकर संपले.