चिंच पुसून घेते

सुदर्शनच्या गाडीवर ओरखडा उठला की त्याला जेवण जात नसे. आईला खरचटलं तर "हळद लाव" म्हणून तो पुढे व्हायचा. गाडीला खरचटलं तर मात्र ऑफिसातून रजा टाकायचा. असे लोक पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांना बोलून काही उपयोग नसतो.

गाडी म्हणजे उंच चाकांची जीप. चिखलात, ओढ्यात, डोंगराच्या कच्च्या वाटांवर घालायला घेतलेली, आणि रंगाने पांढरीशुभ्र. चिखलात घालायची गाडी पांढरी कशाला घेतली, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

घर पुण्याच्या कडेला, मांजरीत. एके काळी चहूकडे ऊस होता, आता इमारती आहेत; पण गल्लीच्या तोंडाशी जुनी चिंच तशीच उभी होती. तिच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या की जीप आत शिरताना टपावरून, काचेवरून, दारांवरून सरसर फिरायच्या. सुदर्शन रोज दात-ओठ खायचा.

"तिला शिव्या देऊ नगंस," त्याची आई गोदाबाई म्हणायची. "ती पुसून घेती. रानावनातनं काय बी संगं येतं, ते चिंचंखालीच ऱ्हातं. तुझ्या आज्याची बैलगाडी बी तिच्या खालनंच घरात यायची."

शिवाय तो भटकून आला की ती दारात भाकरतुकडा ओवाळून बाहेर टाकायची. नवरा गेल्यापासून घरात दोघंच. दिवसभरात तिच्या वाट्याला मुलाची जी दहा मिनिटं यायची, त्यातली पाच या ओवाळण्यात जायची. सुदर्शन तेवढा वेळही मोबाईलमध्ये बघत उभा राहायचा.

शेवटी त्याने दोन उपाय केले. पालिकेच्या ॲपवर चिंचेच्या फांद्या छाटायची तक्रार टाकली, आणि मार्केट यार्डाजवळ प्रज्ञेशच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पुढच्या बंपरपासून टपावरच्या कॅरियरपर्यंत दोन पोलादी तारा ताणून बसवून घेतल्या.

"आता फांदी तारेवर चढेल आणि वरच्या वर मागे जाईल," प्रज्ञेश म्हणाला. "काचेला, टपाला शिवणार नाही."

"आणि तरी ओरखडा आला तर?"

"तर आपण गाडी दिवाणखान्यात ठेवा. वर एखादा रुमाल घाला."

रविवारी मित्रांबरोबर सुदर्शन मुळशीच्या पलीकडच्या रानात गेला. वाट अशी अरुंद की बाकीच्यांच्या गाड्या अंगभर सोलून निघाल्या. सुदर्शनच्या तारांनी मात्र फांदी न् फांदी उचलून मागे टाकली. एका वळणावर टपावर काहीतरी धप्पकन आलं आणि कॅरियर करकरला. त्याने उतरून पाहिलं. वर काही नव्हतं. फक्त तारा वाजत होत्या, बारीक, एका सुरात. गाडी उभी होती आणि वारा पडलेला होता. त्याच्या अंगावर काटा आला, पण रंग शाबूत आहे म्हटल्यावर तो लगेच खूश झाला.

दुपारी तो गल्लीत शिरला. चिंचेच्या फांद्या तारांवर चढल्या, उचलल्या गेल्या आणि गाडीला न शिवता मागे सुटल्या. रानातून आलेली गाडी चिंचेने न पुसता आत यायची ही पहिलीच वेळ.

गोदाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिने हात उचलला आणि तो तसाच राहिला. ती टपाकडे बघत होती.

"वर कोन बसलंय रं?"

"कॅरियर आहे तो, आई."

गोदाबाईने ओवाळलं नाही. तुकडा पदरात घेऊन ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारची जीपमध्ये जाऊन बसू लागली. सुदर्शन घरून काम करत होता. त्याला खिडकीतून दिसायचं. मागच्या सीटवर बसून ती हळू आवाजात बोलायची, थांबायची, मान डोलवायची, पुन्हा बोलायची.

"कोणाशी बोलतेस?"

"हिच्याशी. लई दिसांनी कोनीतरी निवांत बोलतंय माझ्याशी." तिचा चेहरा असा खुललेला त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "म्हनती, माझ्याकडं चल. झाडी हाय, गारवा हाय. हितं तुझं कोन हाय म्हनती."

मंगळवारी ती जेवली नाही. बुधवारी चहासुद्धा घेतला नाही. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. ब्लडप्रेशर उत्तम, म्हणाले. गुरुवारी सकाळी तिने गाठोडं बांधलं: दोन लुगडी, नवऱ्याचा फोटो, कुंकवाची जुनी रिकामी डबी.

"कधी निघतेयस?" सुदर्शनने घाबरून विचारलं.

"आज. ती म्हनती, आज."

तेव्हा त्याला चिंच आठवली. आईच्या बोलण्याकडे काणाडोळा करणारा माणूस घाबरला की त्याला तिचं सगळं बोलणं शब्दन् शब्द आठवतं. तारा काढल्याशिवाय फांद्या गाडीला शिवणार नव्हत्या, आणि गाडी निदान घरापासून लांब तरी जाईल, म्हणून आईला घरात बसवून तो जीप घेऊन मार्केट यार्डाकडे सुटला. वाटभर तारा वाजत होत्या.

"काढ. दोन्ही काढ."

"आठवडाही नाही झाला," प्रज्ञेश म्हणाला. पण त्याचा चेहरा बघून पुढचा टोमणा त्याने गिळला.

तारा उतरल्या. आता चिंचेखालून सावकाश जायचं, हवे तेवढे ओरखडे उठू द्यायचे, असं घोकत सुदर्शन परतला. गल्लीच्या तोंडाशी त्याने करकचून ब्रेक दाबला.

चिंच बोडकी झाली होती. रस्त्यावर येणारी एकूण एक फांदी बुंध्यापासून छाटलेली. रस्त्याकडेला ढीग पडलेला. मोबाईलवर तासाभरापूर्वीच निरोप आला होता, तो त्याने आता वाचला: आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.

तो खाली उतरला. भर दुपारची वेळ होती, समोरच्या इमारतीत कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, आणि तारा काढलेल्या गाडीवर तारा वाजत होत्या.

सुदर्शनने ढिगातून डहाळ्यांनी भरलेली एक फांदी ओढून काढली आणि बॉनेटवर घासली. मग काचेवर, दारांवर. मग कॅरियरवर चढून टपावर. खरवडल्यासारखी घासली. पांढऱ्या रंगावर लांबच लांब रेघा उठत होत्या आणि तो "जा, जा इथून" म्हणत रडत होता. रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबून बघू लागली, बघू देत. शेवटची रेघ मागच्या दारावर ओढली आणि आवाज बंद झाला.

घरी पोहोचला तेव्हा गोदाबाई अंगणात उभी होती. गाठोडं सोडलेलं, लुगडी पुन्हा दोरीवर टाकलेली.

"काय ही गाडीची दशा केलीस!" ती म्हणाली. "आन् मला भूक का लागलीय एवढी? सकाळपासनं काय खाल्लं न्हाय का मी?"

सुदर्शनने तिला मिठी मारली. किती वर्षांनी, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. मोबाईल त्याने पायरीवर ठेवून दिला.

"थांब. दारातच थांब," म्हणत ती आत गेली आणि भाकरतुकडा घेऊन आली. तो हात जोडल्यासारखा समोर उभा राहिला, तिच्याकडे नीट बघत. एवढ्या वर्षांत तिचं ओवाळणं त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

तिचा हात त्याच्या उजव्या खांद्यावरून डोक्यावर गेला, आणि डावीकडे उतरताना लांब गेला. खांद्यापासून चांगला हातभर लांब. दुसऱ्या फेऱ्यालाही तेवढाच. आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून तो हात फिरत होता, आणि आईचे डोळे भरून आले होते.

"एवढा मोठा फेर कशाला, आई?"

गोदाबाईने तिसरा फेरही तसाच लांबून घातला. मग सुदर्शनला कळलं की गाडी त्याने इंच न् इंच पुसून काढली होती आणि स्वतःला एकही डहाळी लावून घेतली नव्हती. त्याच्या डाव्या कानाशी, अगदी जवळ, बारीक सुरात तार वाजू लागली.