पुलावरचा धुराड्या

"नाव काय त्यांचं?" खिडकीमागच्या कारकुनाने तिसऱ्यांदा विचारलं, आणि आमचे हे तिसऱ्यांदा गप्प राहिले.

पुलाच्या आमच्या टोकाला एका दिवसाचा परवाना देतात, तिथे आम्ही उभे होतो. मागे रांग खोळंबली होती, लोकांची चुळबुळ चालली होती. पलीकडे कोणाला भेटायचंय, एवढंच तर विचारत होता बिचारा. यांना कोपराने बाजूला सारलं आणि मीच सांगून टाकलं, की आम्हाला बाजारहाट करायचाय. शिक्का बसला. पुढे सरकल्यावर हे म्हणाले, "खोटं बोललीस." म्हटलं, खरं बोलायला तुमच्याजवळ काही होतं का?

नाव यांना ठाऊकच नव्हतं. तीस वर्षांची मैत्री आणि नावाचा पत्ता नाही. अशी माणसं देव वेगळ्या मातीची घडवतो आणि नेमकी आमच्या पदरात टाकतो.

आमचे हे पुलाचे रंगारी. नदीच्या अलीकडे आमचा देश, पलीकडे त्यांचा, आणि मधे हा लोखंडी पूल. थंडी सरली की दोन्ही देशांचे रंगारी आपापल्या काठापासून कामाला लागतात. आधी गंज खरवडायचा, मग लाल रंगाचा एक हात, वर करड्या रंगाचे दोन. पुलाच्या मधोमध एक पिवळी रेघ आहे. ती ओलांडायची नाही. दोन्हीकडचे दोरांवर टांगलेले झुले रेघेपाशी आले की चार-सहा दिवस समोरासमोर लटकून काम करायचं आणि परत फिरायचं.

आता इथले दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या काठाला विटांच्या भट्ट्या, म्हणून पलीकडचे आम्हाला म्हणतात धुराडे. त्यांचा काठ सखल, पूर ओसरला की गुडघाभर गाळ, म्हणून आम्ही त्यांना म्हणतो चिखले. हे काही लाडाचे शब्द नाहीत. माझ्या चुलत दिराने बाजारात एकाला चिखल्या म्हटलं तर समोरचे दोन दात देऊन आला. दोन वर्षांपूर्वी तर पुलावरच डोकी फुटली. तेव्हापासून दोन्ही सरकारांनी फलक लावलाय, की असा शब्द काढाल तर दंड, आणि पुलावरचा कामगार असाल तर नोकरीवरून घरी.

यांची आणि त्याची ओळख या शब्दांनीच झाली. हे कामाला नवे होते. रेघेपलीकडच्या झुल्यावरून एक उंचेला गडी ओरडला, "ए धुराड्या, ब्रश सांभाळ, तुझा थेंब आमच्या देशात पडला." हे म्हणाले, "पुसून घे रे चिखल्या, पहिल्यांदाच काहीतरी स्वच्छ पडलंय तिकडे." दोघांनी एकमेकांकडे खाऊ की गिळू असं पाहिलं, आणि मग त्या उंच्याला हसू फुटलं. झालं. तेव्हापासून दरवर्षी ते चार-सहा दिवस म्हणजे यांचा सण. घरी आले की चिखल्या असं म्हणाला आणि चिखल्या तसं म्हणाला. आमच्या मुलीला शिवणाच्या शाळेत घालायचं तेही त्या पुलावर ठरलं, माझ्याशी नाही. मी एकदा विचारलं, अहो, अख्खा देश चिखल्या, त्यातला हा कोणता? तर म्हणे, "माझा." यावर बायकोने काय बोलावं?

तर यंदा तो आला नाही. रेघेपलीकडे नव्या ठेकेदाराची नवी पोरं, डोक्यावर टोप्या, हातात रंग फवारायची यंत्रं. हे त्यांना विचारणार तरी काय? चिखल्या कुठाय? सगळेच चिखले, आणि विचारलं की नोकरी गेली. यांच्या निवृत्तीला महिना उरलेला. हे घरी आले ते जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. दोन दिवसांनी म्हणाले, "मेला असेल तर मला कळणारसुद्धा नाही गं." या माणसाशी भांडण्यात माझा जन्म गेला, पण त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, चला, जाऊन बघून येऊ. एका दिवसाचा परवाना मिळतो म्हणतात.

पलीकडे गेलो आणि माझी निराशाच झाली. इतकी वर्षं ऐकलेला चिखल कुठेच नव्हता. स्वच्छ रस्ता, खिडक्यांत कुंड्या, आमच्याकडच्यासारखीच माणसं, फक्त बोलताना शब्द जरा ओढतात. पुलाच्या कामाची कोठी होती तिथे रखवालदाराला यांनी खाणाखुणा सांगितल्या. उंच, डावा खांदा जरा खाली, सारखी शिट्टी वाजवतो. रखवालदार म्हणाला, जुने सगळे गेल्या वर्षीच कमी केले, नाव सांगा, मग बघतो. झालं, पुन्हा आपलं नाव. आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं, तिथेही तेच. एका बाईने तर आम्ही वसुलीला आलोय असं समजून दारच लावून घेतलं.

दुपार कलली. संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत परतायला हवं होतं. चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा यांचा चेहरा उतरलेला. टपरीवाला भला माणूस, त्याने विचारलं कोणाला शोधताय. आणि यांच्या तोंडून, दिवसभर जिभेवर धरून ठेवलेलं, सुटून गेलं. "आमच्या चिखल्याला."

कोपऱ्यातल्या बाकावरचा एक दांडगा माणूस कप खाली ठेवून उठला. मी मनात म्हटलं, संपलं, आता यांचेही दात गेले. पिशवी घट्ट धरली, म्हणजे वेळ आली तर डोक्यात घालता येईल. तो यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, पुन्हा म्हणा.

यांनी पुन्हा काही तो शब्द म्हटला नाही. डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "मी धुराड्या. पुलावरचा."

हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला तर हे पानावरून उठायचे. आणि इथे भर टपरीत, दहा अनोळखी माणसांपुढे, स्वतःच्या तोंडाने स्वतःला म्हटलं. मला लाज वाटली की अभिमान, ते मला अजून सांगता येत नाही. डोळे मात्र भरून आले.

तो दांडगा यांच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "पुलावरचे धुराडे? रंगाचा डबा नदीत पाडला होतात, ते?"

"मी नाही पाडला," हे एकदम उसळले. "त्याने पाडला."

टपरीत हसण्याचा स्फोट झाला. टपरीवाला तर डोळे पुसायला लागला. म्हणाला, अहो, तुमचा तो डबा आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे, आणि तो तुम्हीच पाडला आहे. चहाचे पैसे घ्यायला त्याने साफ नकार दिला. दांडगाही त्याच गल्लीतला, तोच आम्हाला तिकडे घेऊन निघाला. वाटेत माझी पिशवी त्याने आपणहून घेतली. ती कशासाठी धरली होती ते मी काही त्याला सांगितलं नाही.

चिखल्या जिवंत आहे का, हे विचारायचं धैर्य यांना होईना. शेवटी मीच विचारलं. दांडगा म्हणाला, आहेत की, आवाज ऐका.

खरंच, जिन्यातच शिट्टी ऐकू आली. हे कठडा धरून क्षणभर थांबले.

दार उघडलं एका पाच-सहा वर्षांच्या मुलीने. दांडग्याने कोण आलंय ते सांगताच ती आत ओरडत पळाली, की आजी, धुराडेआजोबा आले. आतून एक ठेंगणीशी बाई हात पुसत आली आणि अगदी घरच्या थाटात म्हणाली, "या, धुराडेभावोजी. किती वाट बघायला लावलीत." त्या घरात ती शिवी नव्हतीच. आडनाव होऊन बसली होती.

खिडकीपाशी खुर्चीत तो बसला होता. मांडीवर पांघरूण. हे दारातच उभे, तो तिथून बघतोय. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांना झुल्याशिवाय पाहिलंच नव्हतं.

"बुटका आहेस रे," तो म्हणाला.

"तू उठून दाखव, मग बोल."

"उठता आलं असतं तर काम सुटलं तरी पुलावर नसतो आलो?"

मग कळलं. सगळा जन्म नदीवर लटकून काढला, कधी खरचटलं नाही, आणि पडला कुठून, तर घरात दिवा बदलताना स्टुलावरून. कमरेचं हाड गेलं. आता खुर्ची ते खाट आणि खाट ते खुर्ची. निरोप धाडावा म्हणून मुलाला फाटकावर पाठवलं होतं. तिथल्या माणसाने विचारलं, निरोप कोणाला? नाव सांगा. मुलगा परत आला. इकडे हे, तिकडे तो. दोघांनाही एकाच अकलेने घडवलेलं.

हे जाऊन त्याच्याजवळ बसले. मला वाटलं, आता रडारड होणार. छे. डबा कोणी पाडला यावरून अशी जुंपली की आम्ही दोघी बायका स्वयंपाकघरात निघून आलो. तिने मला सांगितलं की पडल्यापासून तिचे हे इतके मोठ्याने आजच बोलतायत. मी तिला सांगितलं, आमच्याकडे गेले चार दिवस ताट झाकलेलं होतं. जास्त काही बोलायची गरज पडली नाही. भांडी तिने घासली, मी विसळली.

निघायची वेळ झाली. ती बाई यांना म्हणाली, भावोजी, इतकी वर्षं तुम्हाला त्या वाईट नावाने बोलावलं, आता खरं नाव तरी सांगून जा. यांनी तोंड उघडलं.

"थांब," तो खुर्चीतून म्हणाला. "सांगू नकोस. त्या नावाच्या माणसाला मी ओळखत नाही. अनोळखी माणूस कशाला घरात घेऊ?"

यांनी उघडलेलं तोंड मिटलं. त्याच्या खाली गेलेल्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि निघाले. पुन्हा भेट होणं कठीण, हे दोघांनाही कळत होतं. परवाना वर्षातून एकदाच मिळतो आणि दोघांचीही वयं काही कमी होणारी नव्हती.

खाली गल्लीत दिवे लागायच्या सुमाराची वर्दळ होती. दारादारांत माणसं, नळावर बायका. आम्ही थोडे पुढे गेलो असू नसू, तोच वरून आवाज आला. त्याने खुर्ची सज्जात आणवली होती. कठडा धरून, छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून तो ओरडला, "ए धुराड्या!"

सगळी गल्ली आमच्याकडे बघायला लागली. हे वळले. वर तो कानामागे हात धरून वाट बघत होता. उत्तराचा एकच शब्द होता, आणि तो त्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाला लागणारा होता. मी यांची बाही धरली. म्हटलं, चला, नको. फाटक बंद होईल.

यांनी बाही सोडवून घेतली. टोपी काढली आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून, खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

"काय रे चिखल्या!"

नळावरच्या एका म्हातारीने हातातली बादली खाली ठेवली. यांच्याकडे पाहिलं, वर सज्जाकडे पाहिलं आणि आम्हाला वाट देण्यासाठी बादली भिंतीकडे सरकवली.