काशीच्या वहीतले नारळ

आमचे कृष्णाजीभावजी खोटं बोलताना कधी अडखळत नाहीत. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, हात चांगला. पण माणूस पहिल्यापासून भित्रा. भित्रा, म्हणून गोड बोलणारा.

सतरा वर्षांपूर्वी आमचे हे गेले. अस्थी गंगेतच सोडा, असं माझा हात धरून सांगून गेले. मुलगा तापानं अंथरुणाला खिळलेला, म्हणून ह्यांचे धाकटे भाऊ कृष्णाजी कलश घेऊन मद्रासमार्गे काशीला निघाले. वीस दिवसांनी परतले ते चित्रांची वही घेऊन. घाट, होड्या, धर्मशाळा. प्रत्येकाखाली तारीख. 'आज पाणी बर्फासारखं. दादाला निरोप दिला.' ती ओळ मी अक्षरं लावत लावत किती वेळा वाचली, सांगता येत नाही.

यंदा घरी केबल आलं. नात विनुता चित्रकलेच्या कॉलेजात. परीक्षेसाठी त्याच वहीवरून मोठी चित्रं रंगवत होती. भावजी शेजारी बसून रंग सांगत होते. टीव्हीवर काशी लागली. पलीकडच्या काठाला नुसती वाळू. वहीत त्याच काठावर नारळाची झाडं, पाण्यावर वाकलेली.

"भावजी, काशीत नारळ कधी लावले?"

त्यांनी नेसलेल्या वेष्टीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"वैनी, मद्रास स्टेशनातली गर्दी बघूनच घाबरलो. हिंदी येत नाही, कलश कोणी पळवला तर? परत फिरलो. इथं जवळच, तिरुवैयारूला माझ्या दोस्ताकडे, वैद्यनाथकडे राहिलो. अस्थी तिथंच कावेरीत सोडल्या."

"आणि ही चित्रं?"

"कॅलेंडर बघून. नारळ आपल्या इकडचे, सवयीनं हातातून उतरले असतील."

विनुताचे डोळे चमकले. "आजी, न बघता सगळं गाव उभं केलं आजोबांनी! म्हणून तर..."

"तू गप गं. ब्रश धू जा."

भावजी रडायला लागले. "कावेरी पण गंगाच की, वैनी."

ते मला त्यांनी शिकवायला नको. मी टीव्ही बंद केला.

"भावजी, भिलात, ते मी सोडलं. खोटं लिहिलंत, तेही सोडलं असतं. पण आमचे हे तिथं होते, इथून अर्ध्या तासाच्या बसवर. दर अमावास्येला जाऊन त्या घाटाच्या पायरीवर बसले असते मी. सतरा वर्षं तुम्ही त्यांना माझ्यापासून हजार मैल लांब ठेवलंत. ह्याला माझ्याकडे माफी नाही."