हिरवा झालेला पिरोजा

मित्रांनो, मी एक जुना पिरोजा आहे. रत्न म्हणा, खडा म्हणा, नुसता दगड म्हणालात तरी चालेल. रागवायला त्राण लागतं, आणि ते आता माझ्यात उरलेलं नाही. तुम्ही विचाराल, दगड कधी थकतो का? थकतो बाबांनो. हिरा थकत नसेल, त्याची गोष्ट वेगळी. आम्ही पिरोजे जातीचे मऊ. जिथे राहू तिथलं अंगाला लावून घेतो, आणि म्हणून थकतो.

माझा जन्म डोंगराच्या पोटात झाला. करड्या खडकातून गेलेली एक बारीक निळी शीर, तेवढंच माझं घराणं. खाणीतल्या माणसांनी खडक फोडला, मला पोत्यात भरलं आणि एका कारागिराकडे धाडलं. हा कारागीर तोंडाला फडकं बांधून काम करायचा, तरी त्याच्या नाकात माझी धूळ जायचीच. तो शिंकायचा आणि दर शिंकेला मला नावं ठेवायचा. हिऱ्यांना पैलू पाडतात, मोठ्या निगुतीने, श्वास रोखून. आम्हाला नुसतं फिरत्या चाकावर धरायचं आणि गोल घासायचं. घासून घासून त्याने माझा छोटासा घुमट केला आणि मला चांदीच्या अंगठीत बसवलं. छान दिसत होतो मी तेव्हा. आता कोण विश्वास ठेवणार म्हणा!

तिथून मी एका दुकानाच्या काचेच्या पेटीत आलो. शेजारी एक नीलम होता. नाकाने कांदे सोलणारा. त्याला पाहायला लोक वाकायचे आणि मला पाहून सरळ व्हायचे. चुकून कुणी मला हातात घेतलंच, तर दुकानदार आपली पाठ केलेली ओळ म्हणायचा, "याला जपावं लागतं हं. साबण नको, तेल नको, घाम नको, अत्तरही नको."

"मग घालायचा कधी?" असं म्हणून गिऱ्हाईक हसत पुढे जायचं. असाच मी त्या पेटीत धूळ खात राहिलो.

एक दिवस एक तरुण मुलगी आली. हात लालभडक, बोटांची कातडी सोललेली. तिने नीलमाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा दाखवा."

दुकानदाराने तिचे हात पाहिले आणि विचारलं, "काम काय करता ताई?"

"लाँड्रीत आहे. चादरी धुते."

"मग हा नका घेऊ. दिवसभर साबणात राहिला तर हिरवा पडेल."

"पडू दे की," ती म्हणाली, "लाँड्रीत मी तरी कुठे आहे तशी राहणार आहे?"

दुकानदार हसला. हौसेला मोल नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तिने मला तिथेच बोटात चढवलं आणि रस्त्याने चालताना चारचारदा हात वर करून पाहिलं. मित्रांनो, इतकं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

लाँड्री तळघरात होती. इस्पितळाच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने यायच्या. वाफेने भिंती ओल्या, मोठ्या यंत्रांची घरघर, आणि एकही खिडकी नाही. माझी मालकीण गरम पाण्यात कोपरापर्यंत हात घालायची, आणि तिच्याबरोबर मीही बुडायचो. साबण, सोडा, खळ, पुन्हा साबण. मला श्वास घ्यायला मिळायचा तो जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा सगळ्याजणी बाकावर रांगेने बसून हात वाळवायच्या.

त्या बाकावर एकदा खड्यांचा विषय निघाला. इस्त्रीवालीला मोती प्रिय. ती म्हणाली, "शिंपलीत खडा रुतला, तर बिचारीने त्याचा मोती केला. माझ्या नवऱ्याचं मला काही करता आलं नाही बाई!" सगळ्या खो खो हसल्या. घड्या घालणारीला माणिक हवं होतं, कारण तिची आई कानात लाल खड्यांची कुडी घालायची आणि ती कुडी बहिणीकडे गेली होती. ते सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला.

"आणि तुझा हा शेवाळलेला?" इस्त्रीवालीने माझ्याकडे हनुवटी केली. तोवर माझ्या कडेला हिरवट झाक धरू लागली होती.

माझी मालकीण मला अंगठ्याने चोळत म्हणाली, "हिरा आपला कुणाच्याही बोटात तसाच. त्याला काय, राणी असो नाहीतर दासी. हा मेला माझं सगळं पितो. साबण पितो, लेकीच्या डोक्याला लावलेलं तेल पितो, डोळे पुसले तर तेही पितो. घरात दुसरं कोण माझं इतकं ऐकतं?"

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण ते खरं होतं. तिची लेक तान्ही असताना तापाने फणफणली, तेव्हा कपाळावर ओल्या घड्या ठेवणाऱ्या हातात मी होतो. नवरा गेला, तेव्हा तिने तोंडावर हात दाबून धरला, त्या हातातही मीच होतो. काहीतरी माझ्यात झिरपायचं आणि मी आणखी थोडा हिरवा व्हायचो. दगडाला पाझर फुटतो म्हणतात ना, माझं उलटं होतं. सगळे पाझर माझ्या आत यायचे.

लोकांना मात्र मी बिघडलेला वाटायचो. लेक मोठी झाली, शाळेच्या कार्यक्रमात तिला बक्षीस मिळालं. मालकीण कामावरून तशीच धावत आली होती. टाळ्या वाजवणारे ते भेगाळलेले हात आणि त्यात हा हिरवा पडलेला खडा पाहून लेक कुजबुजली, "आई, हात खाली घे ना. सगळ्या बघतायत."

मालकिणीने हात पिशवीखाली घेतला. घरी जाताना पिशवीखाली तिचा अंगठा माझ्यावरून फिरत राहिला. मला वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

वर्षं सरली. लेक शिकली, नोकरीला लागली, तिचं घर झालं, पोरं झाली. शाळेतला तो प्रसंग तिच्याही मनात रुतून बसला असावा, कारण आईला ती पुन्हा पुन्हा म्हणायची, "आता पुरे ते काम. माझ्याकडे ये." आई म्हणायची, "हात चालतायत तोवर चालू दे."

आणि एक दिवस हात चालेनासे झाले. लाँड्रीतच ती कोसळली. इस्पितळात नेईपर्यंत तिची एक बाजू लुळी पडली होती आणि बोटं सुजून टम्म फुगली होती. अंगठी निघेना. नर्सने चांदीचं कडं कापलं, मला कागदाच्या पाकिटात घातलं आणि लेकीच्या हाती दिलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या बोटावरून उतरलो होतो. कोरडं पाकीट, ना ऊब ना ओल. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, नाही का? छे! मला अगदी पोरकं वाटलं.

मालकीण लेकीच्या घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटांचा व्यायाम करा, हात परत येईल. पण ती करेना. खिडकीशी बसून राहायची, घास भरवला तर दोन घास खायची. चांगल्या हाताने त्या दुबळ्या बोटावरची रिकामी खाच चाचपायची.

"माझी अंगठी दे गं," रोज सकाळी पहिला शब्द तोच. "हात माझा वाटतच नाही. कुणा परक्याचा आणून लावल्यासारखा वाटतो."

"जोडायला दिलीय आई. येईल."

तेव्हा दिली नव्हती. लेकीच्या मनात वेगळंच होतं. आईला नुसती जोडलेली अंगठी नाही, तर नवीकोरी करून द्यायची, दुकानातून आणली तशी निळीशार! ती पाहून आई हसेल, जेवेल, व्यायाम करेल. आणि त्या शाळेतल्या दिवसाची भरपाईही होईल. मनात प्रेमच होतं, त्याबद्दल शंका नाही. पण करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, असं बहुतेक वेळा प्रेमातच होतं.

तिने मला एका दागिने दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने भिंगातून मला पाहिलं.

"कडं जोडून देतो. खड्याचं काय करू?"

"परत निळा होईल का?"

"वरचा थर घासून काढला तर आत निळा असणार. पण घासलेलं परत बसवता येत नाही हं."

"थर कसला? मळ आहे तो. लाँड्रीच्या साबणाचा," लेक म्हणाली. "घासा."

मळ! मित्रांनो, दगडाला तोंड असतं तर मी त्या दुकानात बोंब ठोकली असती. तिचा स्वतःचा ताप त्या थरात होता. तिच्या बापाचं जाणं होतं. तिच्या केसांचं तेल होतं. चाक फिरू लागलं आणि मी कित्येक वर्षांनी पुन्हा त्याच्यावर टेकलो. हिरवी भुकटी उडाली, टेबलावर सांडली. त्या माणसाने ती फडक्याने पुसली आणि फडकं बाहेर झटकलं. जे जमायला एक आयुष्य लागलं, ते एका चहाच्या वेळात संपलं.

मी निळा झालो. इतका निळा की मलाच माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकिणीने हात पुढे केला, "माझी अंगठी दे गं." लेकीने हसत हसत मला तिच्या तळव्यावर ठेवलं. "आई, बघ तरी!"

मालकिणीने पाहिलं. खिडकीकडे वळून पुन्हा पाहिलं. मग लेकीच्या मागे, टेबलावर, कुठे दुसरी अंगठी आहे का ते पाहू लागली.

"ही कुणाची आणलीस?"

"तुझीच आहे आई. घासून घेतली. सगळा मळ निघाला बघ."

मालकिणीचा अंगठा माझ्यावर आला, तोच जुना अंगठा, आणि गुळगुळीत कातळावरून पाय घसरावा तसा घसरला. मी तिला ओळखत होतो हो! तो वास, ती भेग, सगळं ओळखत होतो. पण तिला कसं सांगणार?

"छान झालाय," ती म्हणाली, "आणला तेव्हा अस्साच होता." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "मळ नव्हता गं तो. तू तापाने फणफणली होतीस ना लहानपणी, तेव्हापासूनचं सगळं होतं त्यात. आता हा मला ओळखत नाही."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. ती आईच्या पायाशी बसली आणि लहान मुलीसारखी रडली. "मला वाटलं तुला आवडेल. आई, मी काय करून बसले! मला का नाही कधी सांगितलंस?"

"तू कधी विचारलं नाहीस बाळा," आई म्हणाली. त्यात राग नव्हता, नुसता शीण होता.

तिने मला बोटात घालून पाहिलं. सूज ओसरून बोट आता वाळल्या काटकीसारखं झालं होतं. मी सरळ खाली ओघळलो. तेव्हा तिने लेकीचा हात ओढला आणि चांगल्या हाताने, धडपडत, मला तिच्या बोटात सारलं. त्या दुखण्यानंतर ती दुबळी बोटंही पहिल्यांदाच हलली, लेकीचं मनगट धरून ठेवायला.

"तू घाल. आणि काढायचा नाही. भांडी घासताना नाही, न्हाताना नाही, पोरांना तेल लावताना नाही."

"खराब होईल आई."

"होऊ दे."

तेव्हापासून मी लेकीच्या बोटात आहे. पुन्हा साबण, पुन्हा तेल. आईला न्हाऊ घालते, तिची बोटं चोळून व्यायाम करून घेते, तेव्हाही मी हातात असतो. मालकीण आता थोडं जेवते. रोज सकाळी लेकीचा हात खिडकीच्या उजेडात धरते आणि डोळे बारीक करून विचारते, "धरला का गं रंग?"

"धरतोय आई. कडेला बघ जरा," लेक म्हणते.

खोटं आहे ते. कडेला अजून काही नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची डाग पडलेली, रंग बदललेली, झिजलेली वस्तू असेल, तर ती घासायला घेण्याआधी त्या माणसाजवळ जाऊन बसा. विचारा, हे असं कशानं झालं? मग सांगतील ते सगळं ऐका, आणि मगच फडकं हातात घ्या. कदाचित घ्यावंसं वाटणारही नाही.

माझी मालकीण फार थकली आहे. रोज सकाळी तो हात थोडा जास्त थरथरतो. मी मिळेल तो साबणाचा थेंब पितो, मिळेल ते तेल पितो, लेकीच्या डोळ्यांतलं पाणीही सोडत नाही. माझ्या परीने मी घाई करतो आहे. पण दगडाची घाई ती केवढी असणार?