खुर्चीचा स्क्रू

दवाखान्यातून मुलीचा फोन आला तेव्हा सुतार एका नव्या घराचं दार बसवत होता. आई गेली, असं ती सांगत होती. तो "येतो" म्हणाला आणि खालच्या बिजागरीचे उरलेले तीन स्क्रू पिळून मगच निघाला. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही.

चार महिने तो धड जेवेना, बोलेना. शेवटी मुलीने त्याला समुपदेशनाच्या गटात नेऊन बसवलं. तिथे दर गुरुवारी आपलं माणूस गमावलेले पाचजण गोल करून बसत आणि समुपदेशक बाईंसमोर मन मोकळं करत. सुतार मात्र तोंडाला कुलूप लावून. बाईंनी बायकोचा विषय काढला की त्याची खुर्ची हटकून कुरकुरे. मग तो पिशवीतून पेचकस काढी आणि तास संपेपर्यंत खुर्चीखाली डोकं घालून बसे. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

सहाव्या गुरुवारी तो खाली वाकला, तेवढ्यात शेजारचा रिटायर्ड बस ड्रायव्हर हळूच म्हणाला, "सुतारभाऊ, जाताना हा स्क्रू तुम्हीच सैल करून जाता ना? तीन आठवडे बघतोय."

सुताराचे कान लाल झाले. समोरच्या शिंपीणबाईंना हसू आवरेना. "अहो, मला वाटलं तुम्ही कामात कच्चे आहात. म्हणून माझं मोडकं कपाट दाखवलं नाही तुम्हाला."

सगळेच हसले. सुतारही हसला, बायको गेल्यापासून पहिल्यांदा. पेचकस पुढे नेणार तोच बाई म्हणाल्या, "राहू दे आज. कुरकुरू दे तिला."

तो बसला. खुर्ची कुरकुरली.

"फोन आला तेव्हा तीन स्क्रू राहिले होते," तो म्हणाला. "ते बसवले आणि मग निघालो."

ड्रायव्हरने घसा साफ केला. "मीही निरोप आल्यावर आधी बस डेपोत लावली, वहीत सही केली, मग गेलो."

"सही कशी आली?" सुताराने विचारलं.

"नेहमीपेक्षा चांगली."

सुताराने डोळे पुसले. "आमची असती तर म्हणाली असती, लोकांचं दार अर्धवट टाकून आलात कशाला?" मग तो बायकोबद्दल बोलतच राहिला. तास संपला तरी थांबेना, तेव्हा बाईंनाच दिवे मालवावे लागले.

पुढच्या गुरुवारी त्याने पिशवी आणली नाही. शिंपीणबाईंचं कपाट त्याआधीच दुरुस्त होऊन गेलं होतं.

घरी ओट्याखालच्या कपाटाची बिजागरी निखळलेली आहे. बायको वर्षभर सांगत होती. ती बिजागरी अजून बसवायची आहे.